धोंडमाळच्या तळ्याचा कागद

एका गावात माती थोडी आणि धोंडे फार होते, म्हणून सगळे त्याला धोंडमाळ म्हणत. तिथे पाऊस आधीच कमी पडे आणि जो पडे तोही राहत नसे. माळावरचा मुरूम पाणी असं पिऊन टाकी की संध्याकाळच्या सरीची सकाळी खूणसुद्धा सापडू नये. पूर्वी कोणीतरी हौसेनं माळावर एक तलाव खोदला होता. त्यात भर श्रावणात शेरडं चरत.

होळी झाली की विहिरी तळ दाखवीत. मग टँकर येई, आणि टँकरच्या मागोमाग भांडणं येत. हंड्यावरून सुरू झालेलं भांडण कोणाच्या आजोबांपर्यंत जाईल याचा नेम नसे.

या गावात बाजीराव खताळ नावाचे गृहस्थ होते. गाव त्यांना नाना म्हणे. साठी उलटली होती, पण पाठ ताठ होती आणि आवाजाला लाऊडस्पीकरची गरज नव्हती. गावच्या दूध संस्थेचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. सभेला कोणी उशिरा आला तर नाना त्याला बसू देत नसत. त्यानं दाराशी उभं राहून ऐकायचं. लोक त्यांना मान देत, पण जरा लांबूनच देत.

पुढे उपसा योजनेचं पाणी घेऊन एक कालवा गावाच्या शिवेवरून गेला. धोंडमाळला वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, तीन दिवस पाणी मिळेल असं ठरलं. तीन दिवसांचं पाणी सबंध उन्हाळा पुरवायचं तर साठवायला हवं, आणि साठवायचं तर त्याच मुरमाच्या माळावर. म्हणजे तळं खोदून आतून अस्तर लावण्यावाचून इलाज नव्हता. ते काम गावानं नानांवर सोपवलं. दुसऱ्या कोणाचं नाव निघालंच नाही, आणि निघालं असतं तर त्या माणसानं स्वतःच नको म्हटलं असतं.

तळ्यात अंथरतात त्या प्लास्टिकच्या काळ्या जाड अस्तराला आमच्याकडे कागद म्हणतात. का म्हणतात ते कोणालाच सांगता येत नाही. त्याच्यावर कोणी काही लिहीत नाही आणि तो फाडू म्हटलं तर हातानं फाटतही नाही. पण म्हणतात खरं.

हा कागद बसवण्यात केरबा सुतार नावाच्या माणसाचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. नानांनी त्याला बोलावलं, तेव्हा गावात दोन तट पडलेले होते. एक म्हणत होता, पातळ कागद घ्यावा, म्हणजे तेवढ्याच वर्गणीत तळं दीडपट मोठं होईल. दुसरा म्हणत होता, तळं लहान झालं तरी चालेल, कागद जाड हवा. दोन्ही बाजूंना बोलणारे पुष्कळ होते. माहिती असलेलं कोणीच नव्हतं.

केरबानं वाद घातला नाही. त्यानं तीन जाडीचे तीन तुकडे आणले होते. एका घमेल्यात त्यानं माळावरचीच खडी भरली, तिच्यावर पहिला तुकडा टाकला आणि दूध संस्थेच्या सेक्रेटरीला त्याच्यावर उभं राहायला सांगितलं. गावात त्यांच्याइतकं वजन कोणाचं नव्हतं. सेक्रेटरी उतरल्यावर केरबानं तो तुकडा उन्हाकडे धरला, तर त्यातून उजेडाचे पाच-सहा ठिपके दिसले. दुसऱ्या तुकड्यातून एक ठिपका दिसला. तिसऱ्यावर नुसते वळ उठले, ऊन काही पलीकडून आलं नाही.

"तळ्यात दोन पुरुष पाणी उभं राहनार," केरबा म्हणाला. "ते ह्यांच्यापरीस जड असतंय, आणि ते उतरून घरी जात न्हाई."

लोक हसले. सेक्रेटरीही हसले. नानांनी तिथल्या तिथे निकाल दिला: तळं लहान, कागद जाड. या निकालात नानांचं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

केरबानं मात्र जाता जाता बजावलं की जाड कागद दगडाला घाबरत नाही असं समजू नका. घाबरतो, फक्त उशिरा घाबरतो.

मग खोदाई झाली. बाजूंना ऐसपैस उतार दिला. नांगराच्या फाळानं निघावेत तसे तळातून दगड निघाले. ते वेचले, मुळ्या उपटल्या, तळ पाणी मारून दाबला आणि त्याच्यावर चाळलेल्या मातीचा थर दिला. तरी केरबाचं समाधान होईना. त्याची एक पद्धत होती. कागद अंथरण्याआधी तो मालकाला तळ्यातून अनवाणी चालायला लावी. मालकाच्या पायाला जे टोचेल ते कागदाला टोचणार, असा त्याचा साधा हिशेब होता. इथे मालक सगळं गाव. नानांनी दवंडी दिली आणि चपला काठावर काढून सगळं गाव तळ्यात उतरलं. खांद्याला खांदा लावून माणसं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेली, पुन्हा आडवी गेली. कोणी "आई गं" म्हटलं की तिथे थांबायचं, वाकायचं, खडा उचलायचा. नाना रांगेच्या मधोमध होते. त्यांच्या टाचेत सराटा गेला, पण त्यांनी "आई गं" म्हटलं नाही. नुसते वाकले आणि तो उचलला.

कागद पहाटे पहाटे अंथरला. दुपारच्या उन्हात तो फुगतो आणि गारव्यात आखडतो, म्हणून केरबानं तो ओढून ताठ केला नाही, सैल सोडला. काठाभोवती चर खणून त्यात कागदाची कड गाडली. पट्ट्या एकमेकींवर चढवून मधून तापलेली पाचर फिरवणारं यंत्र चालवलं. त्यानं दोन्ही कागद वितळून एकजीव होत गेले. प्रत्येक जोडाच्या पोटात एक बारीक पोकळी राहते. तिची दोन्ही तोंडं बंद करून केरबानं सुईनं आत हवा भरली आणि घड्याळ लावून काट्याकडे बघत बसला. काटा उतरला तर जोड कच्चा. एका जोडाचा काटा उतरला. केरबानं कोणी न सांगता तो जोड पुन्हा मारला.

काम संपलं तेव्हा नानांनी त्याला चहा दिला. चहा पिता पिता केरबानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पाणी येईपर्यंत कागदावर कोणी उतरायचं नाही. दुसरी, काही झालंच तर लपवायचं नाही, त्याला फोन करायचा. कोरड्या तळ्यात भोक बुजवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पाणी भरल्यावर ते कुठे आहे हे त्यालाही सापडत नाही. आणि घरच्या घरी काही चिकटवायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण या कागदाला कुठलाच डिंक लागत नाही, तो फक्त उष्णतेनं जुळतो.

नानांनी पहिली गोष्ट गावाला सांगितली. दुसरी सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. कोणी उतरणारच नाही, तर लपवणार काय?

आता नेमकं असं झालं की कालव्याला कुठेतरी भगदाड पडलं आणि पाणी दहा दिवस लांबलं. ते दहा दिवस नानांनी तळ्याची राखण केली. काठाला बाभळीच्या फांद्या लावल्या. दिवसभर खुर्ची टाकून बसले. जेवायला घरी जात तेवढाच काय तो खाडा. काठाजवळ कोणी रेंगाळलं की नाना लांबूनच आवाज देत आणि माणूस वाट बदली.

हौसाकाकू म्हणून गावात एक वयस्क बाई होत्या. त्या ताटात पणती घेऊन आल्या. गावची जुनी रीत अशी होती की विहीर असो की टाकं, पहिलं पाणी येण्याआधी तळाला दिवा लावायचा. काकूंनी नुसतं दोन मिनिटं खाली जाऊन येते म्हटलं. चपला त्या घालतच नसत. पण नानांनी चार माणसांदेखत त्यांना असं काही सुनावलं की काकूंनी पदराआड ताट झाकलं आणि त्या परत गेल्या.

नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नियम तो नियम. पण ती पणती त्यांच्या डोक्यातून जाईना. गावच्या विहिरीच्या तळाला त्यांच्या वडिलांनी दिवा लावला होता, तो त्यांनी लहानपणी वडिलांचं धोतर धरून पाहिला होता. एवढं मोठं काम आपल्या हातून झालं आणि तळाला दिवा नाही, हे त्यांना आत कुठेतरी बोचत राहिलं.

अकराव्या दिवशी पाणी येणार असं नक्की झालं. सकाळी दहाला कालव्याचं दार उघडायचं. त्या दिवशी उजाडता उजाडता नाना एकटेच तळ्यावर गेले. त्यांनी चपला काढल्या, काठाला बांधलेला दोर धरला आणि ते खाली उतरले. आपण उतरतो ते वेगळं, असं त्यांना वाटलं. असं वाटायला माणसाला फारसं कारण लागत नाही.

त्यांनी तळाशी विड्याचं पान ठेवलं, पानावर कापराच्या चार वड्या ठेवल्या आणि पेटवल्या. हात जोडून डोळे मिटले. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, पान उलटलं आणि जळता कापूर कागदावर सांडला. नानांनी डोळे उघडले तेव्हा कागद चुरचुरत होता. त्यांनी घाईनं पायानं विझवायला पाहिलं. तळपाय भाजला आणि मऊ पडलेला कागद ताणून फाटला. अंगठा आत जाईल एवढं भोक पडलं. खालची माती दिसू लागली.

नाना तसेच वर चढून सायकलच्या दुकानाकडे गेले.

तिथून ते पंक्चरचं सामान घेऊन आले. दुकानदार झोपेतून उठला होता, त्यानं काही विचारलं नाही. नानांनी भोकाभोवतीचा कागद धोतराच्या सोग्यानं पुसला, सोल्युशन लावलं, रबराचा तुकडा दाबला आणि शंभरपर्यंत मोजलं. हात काढला तसा तुकडाही बोटाबरोबर वर आला. पुन्हा लावला, पुन्हा निघाला. केरबानं काय सांगितलं होतं ते त्यांना तेव्हा आठवलं. कागदाला डिंक लागत नव्हता, आणि समोर चेअरमन आहेत म्हणून तो काही वेगळा वागणार नव्हता.

तिथे उकिडवे बसून नानांनी विचार केला. भोक म्हणजे काय, अंगठ्याएवढं. एवढ्या तळ्यात ते कुठे कळणार आहे? गाळ बसेल, बुजून जाईल. पण हा मुरूम काय आहे, हे नाना जन्मापासून पाहत होते. त्याला एकदा पाणी मिळालं की तो प्यायचा थांबत नाही. भोकातून पाणी खाली जाणार, खालची माती वाहून जाणार, कागद खाली लोंबणार आणि भोक फाटत जाणार. चैत्र संपता संपता तळं कोरडं पडेल. मग गाव म्हणेल, कागदच खराब होता. कोणी म्हणेल, केरबानं फसवलं. आणि आपण ते मान हलवून ऐकून घेऊ.

ही शेवटची गोष्ट त्यांना फार लागली. दुसरीकडे, गावापुढे उभं राहून सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या कामाबद्दल हौसाकाकूंना आपण घालवून दिलं, तेच आपण लपून केलं, हे?

ते वर चढू लागले. कागदावर दव होतंच, आता भाजलेला पायही झोंबत होता. दोर हातात असूनही ते तीनदा घसरून खाली आले. बघायला कोणी नव्हतं म्हणून बरं.

दहाच्या आधीच गाव तळ्यावर जमलं. बायका कलश घेऊन आल्या. हलगी वाजू लागली. कालव्यातून येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी लोखंडी दार होतं आणि त्याला एक चाक होतं. ते चाक नानांनी फिरवायचं असं ठरलेलं. दाराच्या पलीकडे पाणी येऊन थांबलं होतं, त्याचा खळखळाट ऐकू येत होता. कोणीतरी नानांच्या कपाळाला गुलाल लावला. नानांनी चाकाला हात घातला आणि तसाच ठेवला.

हलगी वाजत राहिली, मग वाजवणाऱ्याच्याही लक्षात आलं आणि ती थांबली.

"पाणी सोडायचं न्हाई," नाना म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला नाही, म्हणून पुढचं त्यांनी जरा मोठ्यानं सांगितलं. "कागदाला भोक पडलंय. म्या पाडलंय. सकाळी खाली उतरून कापूर लावला."

नानांना कोणी रागावल्याचं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं करतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी हौसाकाकूच पुढे आल्या. नानांना वाटलं, आता या सगळं उट्टं काढणार. पण काकूंनी एवढंच विचारलं, "पाय भाजला न्हाई ना?"

नानांना हे ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मग कामाला लागणं भाग होतं. पाण्याचे तीन दिवस सुरू झाले होते आणि कालवा कोणासाठी थांबत नसतो. धोंडमाळच्या नंतरची, शेवटची पाळी बोरजाई गावाची होती. नानांनी स्वतः बोरजाईच्या सरपंचांना फोन लावला. चूक आपली आहे, तुम्ही तुमची पाळी आधी घ्या, आम्ही तुमच्या मागून घेतो, अशी विनंती केली. बोरजाईवाले आनंदानं तयार झाले. शेवटच्या पाळीला पाणी पुरेलच असं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि नानांनाही.

केरबा दुसऱ्या गावात कामावर होता. तो दुपारी मोटारसायकलवर सामान बांधून आला. भोक बघून तो लगेच कामाला लागला. भोकाखालची माती दाबून घट्ट केली. कोपरे गोल केलेला एक तुकडा कापला. तुकडा आणि भोकाभोवतीची जागा धुऊन, पुसून, काचकागदानं घासली. गरम हवेच्या बंदुकीनं तुकडा चिकटवला आणि त्याच्या कडेनं वितळलेल्या प्लास्टिकची वळी ओतत गेला. गार झाल्यावर त्याच्यावर साबणाचं पाणी फासलं, काचेची पेटी दाबून बसवली आणि पंपानं पेटीतली हवा ओढली. बुडबुडा आला नाही. म्हणजे जोड पक्का.

हात पुसत केरबा वर आला आणि त्यानं काठावरच्या लोकांना विचारलं, "आनि कुठं काय?"

तो हे प्रत्येक गावात विचारी आणि प्रत्येक गाव नाही म्हणे. इथे मात्र म्हालू कोकरे पुढे आला. म्हालू मेंढरं राखी. माणूस अबोल, गावाच्या कडेला राहणारा. तो नानांकडे न बघता केरबाशी बोलला. चार दिवसांमागे नाना जेवायला गेले असता त्याची एक शेळी बाभळीतून घुसून खाली घसरली होती. तिला चढता येईना, म्हणून तो उतरला. शेळी खांद्यावर घेऊन वर येताना पाय सरकला आणि त्यानं काठीवर भार दिला. काठीला खाली लोखंडाचं टोक होतं.

नाना म्हालूकडे वळले. पण तेवढ्यात बायकांमधून आणखी एक आवाज आला आणि तो नानांच्या ओळखीचा होता. त्यांच्या पत्नी, सगुणाबाई, खाली बघून सांगत होत्या की उताराच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या आड, त्यांनी कुरडया वाळवल्या होत्या. काळा कागद उन्हात तव्यासारखा तापतो, कुरडया दोन दिवसांत कडक होतात. नाना जेवायला बसले की त्या मागच्या वाटेनं जाऊन बघून येत. कापड वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले होते. दगड टोकदार होते की नव्हते ते त्यांना आठवत नव्हतं.

नानांना मात्र आठवलं की त्या कुरडया त्यांनी परवाच तळून खाल्ल्या होत्या आणि यंदा छान झाल्यात असंही म्हटलं होतं.

केरबा खाली गेला. म्हालूनं दाखवलेल्या जागी, तळापासून हातभर वर, काठीचं टोक आरपार गेलं होतं. कुरडयांच्या जागी तीन दगडांनी काही केलं नव्हतं, चौथ्यानं कागद चिरला होता. केरबा वर आला आणि त्यानं जे होतं ते सांगितलं. नानांचं भोक बुजवून पाणी सोडलं असतं, तरी या दोन जागांतून तळं पाडव्यापर्यंतच रिकामं झालं असतं. आणि सगळे म्हणाले असते, नानांच्याच भोकातून गेलं.

आता मात्र नानांना राहवलं नाही. दहा दिवस खुर्ची टाकून आपण बसलो होतो ते काय वारा खायला, असं त्यांना झालं. ते म्हालूच्या समोर जाऊन उभे राहिले. आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला होता.

"चार दिस झालं. तवाच का न्हाई सांगितलंस?"

म्हालूनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"तवा कुनाला सांगनार, नाना?" तो म्हणाला. "तवा तुमी अजून चुकला नव्हता."

म्हालूच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जसं होतं तसं त्यानं सांगितलं होतं. नानांनी सगुणाबाईंकडे पाहिलं, तर त्याही होकाराची मान हलवत होत्या. त्यांनी गावाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं आणि कोणी नजरही चुकवत नव्हतं. राखण आपण कागदाची करत होतो आणि लोक आपल्यापासून स्वतःची राखण करत होते, हे नानांना त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं. इतक्या वर्षांत ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं तेही त्यांना आता कळलं.

ते केरबाकडे वळून म्हणाले की बाबा, तू बुजवायला लाग, काठी नेमकी कुठे लागली ते म्हालू दाखवेल. आणि मग त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि साबणाच्या पाण्याची बादली स्वतः उचलली.

दोन्ही भोकं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बुजली, पेटी लावून तपासली. बोरजाईची पाळी संपल्यावर धोंडमाळचं दार उघडलं. व्हायचं तेच झालं. शेवटच्या दिवशी दुपारी कालव्याचं पाणी सरलं आणि तळं काठापासून कमरेएवढं खाली राहिलं. पण जेवढं आलं तेवढं राहिलं. नानांनी काठावर एक खूण केलेली काठी रोवली होती. पाणी त्या खुणेखाली उन्हानं आणि गावाच्या तहानेनं जेवढं उतरायचं तेवढंच उतरत गेलं. त्या वर्षी पाऊस लांबला, तेव्हा शेवटचे आठ दिवस टँकर मागवावा लागला. तो कोणामुळे मागवावा लागला हे विचारलं की नाना स्वतःच सांगत, माझ्यामुळे.

तात्पर्य: ज्याला सगळे घाबरतात, त्याला कोणी खरं सांगत नाही. मोठ्यानं आपली चूक आधी कबूल केली, तरच लहानांना आपली कबूल करता येते. आणि जिथे चूक सांगायची सोय नाही, तिथे अस्तर कितीही जाड घातलं तरी पाणी टिकत नाही.